मागणी जंगलाच्या मापानं

मार्केटिंगच्या कुठल्याही वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात, मागणी वाढवा. माल कमी पडला तर कारखाना आहेच, तिसरी पाळी लावता येते. पुण्यातल्या एका एजन्सीत मी हेच शिकले आणि हेच केलं. सदनिका, कोचिंग क्लास, प्रोटीन पावडर, जे टेबलावर येईल त्याची मागणी वाढवायची. चंद्रपूरला परत येऊन स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा मात्र दारात आलेली गिऱ्हाइकं निराळी निघाली. ताडोबाच्या मोहर्ली रस्त्यावरचं एक रिसॉर्ट, कुरखेड्याकडचा मोहाचे लाडू करणारा महिला बचत गट, तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभा, वडशाची एक नाटक कंपनी. यांच्या मालाला तिसरी पाळी नाही. वाघ दिसणार की नाही, मोह किती गळणार, तेंदूला पान कधी फुटणार, हे जंगल ठरवतं. नाटक कंपनीचं जंगलाशी थेट देणंघेणं नसलं तरी धान निघून हातात पैसा आल्याशिवाय तिचाही हंगाम लागत नाही.

कॉलेजांतून बोलायला बोलावतात तेव्हा मुलं विचारतात, डिजिटल मार्केटिंगमध्ये सध्या काय चाललंय? रील्स चाललंय, एआय चाललंय, गूगलवर शोधणारा माणूस आता वेबसाइटवर न येताच उत्तर घेऊन निघून जातो, हे सगळं खरं आहे आणि मी यातलं बरंचसं रोज वापरते. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत काम करून माझं मत असं झालंय की इथे सगळ्यात वरचं कौशल्य म्हणजे मागणी केवढी हवी हे ओळखणं आणि तिला तेवढीच ठेवणं. कुठे ती वाढवायची, कुठे थोपवायची, कुठे तिचं तोंडच दुसरीकडे वळवायचं, हे ज्याला कळतं तो इथे टिकतो.

ताडोबाचंच घ्या. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं ताडोबा आणि १९८६ मध्ये जाहीर झालेलं अंधारी अभयारण्य मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा आणि बफर धरून क्षेत्र सतराशे चौरस किलोमीटरच्या वर. गाभ्यात जायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही प्रवेशद्वारं. प्रत्येक गेटवरून सकाळी किती जिप्सी आत जाणार आणि दुपारी किती, हे ठरलेलं. मंगळवारी सुट्टी. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा बंद. एका जिप्सीत सहा पर्यटक, एक गाइड, एक चालक. हा झाला माल, आणि तो वाढत नाही. गेटच्या बाहेर मात्र खोल्या वाढत राहतात. नवं रिसॉर्ट उभं राहिलं की त्याचं इन्स्टाग्राम पान तयार होतं, ड्रोनचे शॉट येतात, मुंबई-हैदराबादच्या लोकांना जाहिराती दिसू लागतात. या सगळ्या खर्चानं मोहर्लीच्या गेटमधून एक जिप्सीही जास्त आत जात नाही. सगळे जण मिळून त्याच जागांसाठी भांडतात आणि भांडण जिंकायला एकच शब्द हाताशी असतो, वाघ.

लोक काय शोधतात ते जाहिरातीच्या अहवालात दिसतं. ‘ताडोबा सफारी बुकिंग’, ‘ताडोबा टायगर सायटिंग’ हे तर आहेच, पण ‘गॅरंटी’ हा शब्द जोडून शोधणारेही पुष्कळ. आमच्या रिसॉर्टच्या मालकांनी हा अहवाल पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, आपणही खात्रीनं वाघ असं टाकू ना. बाकीचे टाकतात.” मी म्हटलं, टाकणार नाही. पैशाच्या दृष्टीनं त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माणूस ज्या शब्दानं शोधतो तो शब्द पानावर हवा, हा आमच्या धंद्याचा साधा नियम आहे. पण ज्याची खात्री वनविभाग देत नाही, गाइड देत नाही, खुद्द वाघ देत नाही, ती खात्री खोली भाड्यानं देणाऱ्यानं कशी द्यायची? आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, फसव्या जाहिरातींबाबत २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कायद्याचा धाक दाखवला की मालक ऐकतात हे खरं, पण मला खरा त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होत होता.

रिव्ह्यू वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. एक रिव्ह्यू होता, ‘दोन सफारी केल्या, काहीही दिसलं नाही, पैसे पाण्यात.’ त्या गाडीवर असलेला गाइड माझ्या ओळखीचा. मोहर्लीचाच मुलगा. मी त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “ताई, सकाळी अस्वल दिसलं, पिल्लू पाठीवर घेतलेलं. दुपारी तेलिया तलावाच्या बाजूला रानकुत्र्यांचा कळप. मी पाच वर्षात एवढ्या जवळून नाही पाहिला. साहेबांचं लक्षच नव्हतं, म्हणे वाघ कधी येते.” ज्या माणसाला अस्वलाच्या पाठीवरचं पिल्लू ‘काहीही नाही’ वाटतं, त्याच्या डोक्यात आधीच कुणीतरी दुसरं चित्र भरलेलं असतं. ते चित्र जाहिरात भरते. म्हणून मला जाहिरातीच्या एका शब्दाची एवढी पडलेली असते.

आम्ही त्या रिसॉर्टचं पान पुन्हा लिहिलं. सफारी किती तासांची, हिवाळ्यात पहाटे गारठा किती, मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा गेला की पाणवठ्याजवळ प्राणी का सापडतात, वाघ न दिसण्याची शक्यता खरोखर असते आणि तरी काय काय पाहता येतं. नागपूरहून येणाऱ्याला चिमूरमार्गे कोलारा गेट सोयीचं, चंद्रपुरात उतरणाऱ्याला मोहर्ली, हेही साध्या वाक्यात. पहिल्या हंगामात चौकशा कमी झाल्या आणि मालकांचा चेहरा उतरला. पण ज्या आल्या त्या राहिल्या. वाघासाठी एका रात्रीची धाव घेणाऱ्यांऐवजी दोन-तीन दिवस मुक्काम करणारी कुटुंबं येऊ लागली, पक्षी पाहणारे आले, आणि रिव्ह्यूमध्ये गाइडचं नाव घेऊन कौतुक होऊ लागलं. आणखी एक झालं. आता लोक एआयला विचारतात, ताडोबाला कुठल्या गेटनं जावं, कुठला वार बंद असतो. ही यंत्रं ज्या पानावर सरळ उत्तर असतं ते उचलतात. विशेषणांनी भरलेली पानं मागे पडतात आणि मंगळवारी बंद असतं असं स्पष्ट लिहिणारं पान पुढे येतं. या नव्या बदलाचं मला मनापासून बरं वाटतं.

वाघांना नावं देण्याचं मात्र मला भय वाटू लागलंय. माया, मटकासुर, छोटा मटका, वाघडोह ही नावं मुंबईतल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. वाघडोह २०२२ मध्ये गेला, माया २०२३ मध्ये. त्यांचे रील अजून फिरताहेत. नाव असलं की चाहते जमतात, चाहते जमले की आज तो कुठे आहे हे प्रत्येकाला हवं असतं, आणि मग गाड्या एकाच ठिकाणी गोळा होतात. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्यांनी वाट अडवली. त्याचा व्हिडिओ लोकांनी पाहिला, संतापले, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. सगळ्यांनी बोटं चालकांकडे आणि गाइडकडे दाखवली. त्यांचं चुकलंच. पण त्या गाडीत बसलेल्या माणसाला ‘एवढ्या जवळून वाघ’ हे स्वप्न आमच्या धंद्यानं विकलं होतं आणि तो टिप देणारा माणूस होता. जाहिरात लिहिणाऱ्याला त्या प्रकरणात कुणी काही विचारलं नाही. माझ्या मते विचारायला हवं होतं.

तेव्हापासून आमच्याकडून जाणाऱ्या कुठल्याही पोस्टवर आजचं ठिकाण, पाणवठ्याचं नाव, गेट आणि वेळ एकत्र येत नाही. फोटो टाकायचा तर काही दिवस जाऊ द्यायचे. जानेवारी २०२५ मध्ये राजुरा भागात वाघांच्या शिकारीतला एक सराईत आरोपी पकडला गेला, तेव्हापासून मला हे पाळायचं कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक नियम याहून कडक आहे. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याच आठवड्यात आणखी माणसं गेली. तेंदूचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम एकाच महिन्यात येतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. एकीकडे पहाटे साडेपाचला जिप्सीत बसलेला पाहुणा वाघ दिसावा म्हणून हात जोडतो, दुसरीकडे त्याच वेळी पुडे बांधायला निघालेली बाई तो दिसू नये म्हणून. दोघांकडेही फोन आहे, दोघंही तेच व्हॉट्सॲप बघतात. आमच्या पोस्ट आठवडाभर आधी लावून ठेवलेल्या असतात, वेळ झाली की आपोआप जातात. जिल्ह्यात असा मृत्यू झाला की त्या सगळ्या थांबवायच्या, वाघाचा एकही फोटो जाऊ द्यायचा नाही, हे आमच्या करारात लिहिलेलं असतं. काही गिऱ्हाइकं विचारतात, मुंबईच्या पर्यटकाला सिंदेवाहीचं काय माहीत? त्याला माहीत नसेल. रिसॉर्टमध्ये पोळ्या लाटणारी बाई त्या गावची असते, तिला माहीत असतं.

एआयचा प्रताप इथल्या लोकांनी फार जवळून पाहिला. २०२५ च्या नोव्हेंबरात ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसाला वाघ ओढून नेतो असा व्हिडिओ देशभर फिरला. वनविभागाला सांगावं लागलं की असं काही घडलेलंच नाही, चित्रफीत यंत्रानं बनवलेली आहे. पण ज्या भागात खरोखर माणसं मरतात तिथे खोट्या व्हिडिओचा परिणाम निराळा असतो. माझ्या मावशीनं तो पाहून दोन दिवस शेतावर जायचं टाळलं, आणि खोटा आहे हे कळल्यावर म्हणाली, “आता खरा आला तरी कोन मानन?” मला वाटतं या जिल्ह्यात एआयनं वाघ बनवायचाच नाही. जाहिरातीसाठी नाही, गमतीसाठी नाही. मी स्वतः मजकुराचा कच्चा खर्डा, भाषांतराची तपासणी, रिव्ह्यूंची वर्गवारी यासाठी एआय रोज वापरते. चित्रांना मात्र हात लावत नाही. एकदा एका साधनाला माडिया आदिवासी बाईचं मोह वेचतानाचं चित्र मागून पाहिलं. त्यानं डोक्यावर पिसं खोवलेली, चेहऱ्यावर पांढरे पट्टे ओढलेली एक बाई दिली, मागे नारळाची झाडं. भामरागडची कुठलीही बाई ते बघून हसली असती, मग रागावली असती. लेबलावर ज्यांचं काम विकायचं त्यांचाच चेहरा खोटा काढायचा, याला काय अर्थ?

मोहाच्या लाडवांचं काम माझ्याकडे आलं ते असंच लेबलापासून. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मोहफूल म्हटलं की बाहेरच्याला दारूच आठवते, आणि जाहिरातीच्या यंत्रालाही. इंग्रजीतला मोहाचा शब्द मजकुरात आला की जाहिरात मद्याच्या सदरात अडकायची. प्रत्येक वेळी अपील, प्रत्येक वेळी तेच ठरावीक उत्तर. शेवटी आम्ही जाहिरात सोडून दिली आणि लाडू कसा होतो तेच दाखवायचं ठरवलं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलं पडतात. ऊन चढायच्या आत ती वेचायची. वाळवायची. मग एकेका फुलातले केसर काढायचे. हे काम बायका घोळक्यानं बसून करतात, बोटं चालू, गप्पा चालू, आणि जी घाईत केसर ठेवते तिला बाकीच्या लगेच टोकतात, कारण खाताना तेच घशाला लागतं. मग भाजणं, कुटणं, तीळ-शेंगदाणे, गूळ. मी फक्त फोन एका जागी ठेवला होता, त्या हातांवर. ना संगीत, ना मजकूर. लोकांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

त्यानंतर गावोगाव खात फिरणाऱ्या एका रीलवाल्यानं स्वतःहून येऊन त्यांच्यावर रील केलं आणि ते फार चाललं. ऑर्डरी अशा आल्या की गटाच्या अध्यक्षबाईंचा फोन चार्जिंगलाच लावून ठेवावा लागला. पुण्याच्या कार्यालयात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. इथे घरातला वाळलेला मोह मोजला तर तो पुरणार नव्हता. कुणी सुचवलं, बाजारातून व्यापाऱ्याकडचा मोह घ्या. गटाची बैठक बसली. एक वयस्कर बाई तेवढा वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या, “ताई, झाड तं तेवढंच गळते. फोन वाजला म्हनून जास्ती गळन का?” व्यापाऱ्याचा मोह कुठल्या अंगणात, कसा वाळला, त्यात केसर आहे की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही ते आपल्या नावानं पाठवायचं नाही असं ठरलं.

मग माझं काम उलटं झालं. आलेली मागणी परत पाठवायची, पण माणूस दुखावणार नाही अशा रीतीनं. व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये आम्ही प्रत्येक मालासमोर शिल्लक आकडा टाकू लागलो. संपलं की ‘या हंगामाचं संपलं’. पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवायची सोय केली आणि आगाऊ पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं, कारण पुढच्या वर्षी अवकाळी पाऊस येऊन फुलं काळी पडली तर पैसे परत करताना गटाची दमछाक होईल. पाकिटावर एफएसएसएआयचा क्रमांक, बांधणीची तारीख, गावाचं नाव. नाव नोंदवलेल्या लोकांतले बरेच जण पुढच्या मार्चमध्ये आपणहून विचारू लागले, मोह गळायला लागला का? शहरातला माणूस झाडाच्या वेळापत्रकाची चौकशी करतोय, हे मला फार मोलाचं वाटलं. रीलमुळे एकदा घेणारा आणि हंगामाची वाट पाहणारा, यातला दुसरा जमवायला वेळ लागतो. आमच्या धंद्यातली बहुतेक साधनं पहिल्यालाच मोजतात.

मागणी थोपवण्याचं इतकं बोलले, पण जिथे ती वाढवायलाच हवी अशी जागाही याच जंगलात आहे, आणि तिथे आमच्या धंद्याचं फारसं लक्ष नाही. ती म्हणजे तेंदूपत्त्याचा लिलाव. ग्रामसभांना हा अधिकार मिळाला तो दोन कायद्यांमुळे, पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. या लढ्याशी जोडलेली देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं महाराष्ट्राला माहीत आहेत. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचाही लिलाव स्वतः करू लागल्या. कोरचीत तर ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली.

लिलावात भाव बोली लावणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. तीनच ठेकेदार आले आणि तिघंही एकमेकांना ओळखत असले तर भाव काय होतो हे सांगायला नको. म्हणजे इथे जाहिरात थेट तोडणाऱ्या बाईच्या हातात पैसा घालते. शंभर पुड्यांमागे तिला काय मिळणार, हे कुठल्या गावच्या ठेकेदाराला लिलावाची बातमी पोचली यावर अवलंबून असतं. मला एका भागातल्या ग्रामसभांनी नोटीस लिहायला बोलावलं तेव्हा जुनी नोटीस पाहिली. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, वकिली भाषेत, कायद्याच्या कलमांनी सुरू होणारी. गावाचं नाव शेवटच्या परिच्छेदात.

ती नव्यानं लिहायला आम्ही ग्रामसभेच्या मांडवात बसलो. मी एकेक ओळ वाचायची, एक मुलगी ती गोंडीत सांगायची, लोक बोलायचे. मी सुरुवातीला गावाचं नाव आणि अंदाजे पुडे टाकले होते. एक काका म्हणाले, पैसे किती हप्त्यांत आणि कधी देणार ही अट पहिल्या ओळीत टाका. कुणीतरी म्हणालं, त्यानं ठेकेदार बिचकतील. काका म्हणाले, “बिचकन तो नाहीच यायला पाहिजे.” मार्केटिंगच्या भाषेत याला गिऱ्हाइकाची चाळणी म्हणतात आणि त्यासाठी लोक महागडी सॉफ्टवेअर घेतात. त्या नोटिशीत मग अट वर आली, मागच्या वर्षीचं संकलन आलं, पानं गोळा करायची फळी कुठे, ट्रक कुठपर्यंत जातो, लिलाव कुठल्या दिवशी, एकच फोन नंबर. एक पानाची पीडीएफ. रायपूरकडचे, तेलंगणातले, गोंदियाचे बिडीपत्त्याचे व्यापारी ज्या व्हॉट्सॲप गटांत असतात तिथे ती गेली, वर्तमानपत्रातही गेली. इन्स्टाग्रामवर काहीच टाकलं नाही. पुण्याच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे काम दाखवलं तर त्यांना त्यात डिजिटल काय आहे ते दिसलं नाही. मला विचाराल तर माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं डिजिटल काम आहे.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाच्या, नाटकांबद्दल थोडंच सांगते, कारण तिथे मी शिकवायला गेले नाही, शिकायलाच गेले. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू झाल्या की वडशातल्या कंपन्यांची कार्यालयं गजबजतात. गावातलं मंडळ येऊन तारीख ठरवतं, आणि रात्री दहाच्या पुढे सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कंपनीला वाटत होतं की फेसबुकवर पन्नास किलोमीटरच्या परिघात जाहिरात लावली की झालं. मी आधी तिकिटाच्या रांगेत उभं राहून लोकांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं. बहुतेकांचं उत्तर एकच होतं, बहिणीनं सांगितलं, जावयानं बोलावलं. नाटकाच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे असतात. म्हणजे निरोप परिघानं जात नाही, सोयरिकीनं जातो, आणि सोयरीक पन्नास किलोमीटरपाशी थांबत नाही. मग आम्ही व्हॉट्सॲप स्टेटसला लावता येतील अशा छोट्या चित्रफिती केल्या, नटांनी स्वतः झाडीबोलीत बोलावणं केलेल्या, आणि त्या आधी मंडळाच्या पोरांना आणि गावातल्या सुनांना दिल्या. प्रमाण मराठीतली चकचकीत चित्रफीतही केली होती. ती कुणी पुढे पाठवली नाही. भोंग्याची गाडी आजही फिरते आणि फिरायला हवी, कारण एटापल्लीच्या वाटेवरची कित्येक गावं अशी आहेत जिथे फोनची दांडी एका विशिष्ट दगडावर उभं राहिल्यावरच येते.

कुठला कोर्स करू, असं मुलं विचारतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना मी कोर्सचं नाव सांगत नाही, कामं सांगते. एखाद्या बचत गटाची मालाची नोंद तीन महिने एक्सेलमध्ये ठेवून दाखव. गावातल्या एका माणसाचं बोलणं ऐकून ते त्याच्याच शब्दांत दहा ओळींत लिही, आणि त्याला वाचून दाखवल्यावर तो हो म्हणाला पाहिजे. फोटो काढण्याआधी विचार, आणि नाही म्हटलं तर काढू नको. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं. गूगल मॅपवर तुझ्या गावच्या दुकानांची नावं, वेळा, फोन बरोबर आहेत का ते बघ, नसतील तर दुरुस्त कर. जाहिरातीचं पॅनल चालवणं पंधरवड्यात येतं आणि वर्षभरात त्याची बटणं बदलतात. गोंडी येत असेल तर ती तुझी सगळ्यात मोठी पात्रता आहे असं मी म्हणते तेव्हा पोरं संकोचतात, त्यांना वाटतं ताई धीर द्यायला बोलते. मी धीर द्यायला बोलत नाही. ग्रामसभेच्या मांडवात त्या दिवशी ती मुलगी नसती तर काकांची अट माझ्यापर्यंत पोचलीच नसती. ती मुलगी आता माझ्याकडे कामाला आहे, आणि येत्या हंगामातल्या नोटिशी तीच लिहिते, मी फक्त तपासते.

सध्या तिचा आणि माझा वाद चारोळीवरून चाललाय. एका मोठ्या ऑनलाइन दुकानाकडून वर्षभराचा करार आला आहे, दर चांगला आहे, आणि त्यांना दर महिन्याला ठरावीक वजन हवं आहे. तिचं म्हणणं, घ्यावा, पैसा नियमित येईल. माझं म्हणणं, चाराचं झाड महिन्याला हप्ता देत नाही, आणि वजन भरायला लोक कच्ची फळं झोडपतील, फांद्या तोडतील. तिनं त्यावर उपाय काढला आहे. करारात वजनाऐवजी टक्का मागायचा, गावात जेवढी चारोळी निघेल तिच्यातला अमुक हिस्सा तुमचा, तो पाचाऐवजी पन्नास किलो निघाला तरी तुमचा, दोनच किलो निघाला तरी तक्रार नाही. दुकानवाल्यांनी असा करार आजवर केलेला नाही असं कळवलंय. आम्ही मसुदा पाठवला आहे.